ॲक्युपंक्चर : सुरक्षितता व परिणामकारकता
शरीरातील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धती. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कोलकात्याचे विजयकुमार बसू होते. पुढे बसूंनी ही विद्या चीनमध्ये शिकून १९५९ मध्ये भारतात आणली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने तिला कायद्याची चौकट दिली.

परिणाम मोजणे मात्र अवघड, कारण सुई टोचली की रुग्णाला कळतेच. म्हणून तुलनेसाठी चुकीच्या जागी, वरवर टोचलेली ‘खोटी सुई’ वापरतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्क्यांना, खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, तर औषधे व व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना गुण आला. आराम खरा होता. नेमक्या बिंदूंचे महत्त्व मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. हा भेद रुग्णाला सांगितलाच पाहिजे.

२००१ च्या ब्रिटिश पाहणीत ३४,४०७ उपचारांत एकही गंभीर इजा नोंदली गेली नाही. तरीही छातीत खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते आणि निर्जंतुक नसलेल्या सुईतून कावीळ पसरू शकते.