नाट्यलेखन व पटकथालेखनाचे शिक्षण

शनिशिंगणापूर येथील घरांना कवाड न लावण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत एका विद्येचे कवाड अद्याप बंदच आहे. मुलाने नाटक वा पटकथा लिहिण्याचे शिक्षण घेतो म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. त्यांनी थोडा इतिहास पाहावा.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा पदे रचलेली असत, भाषणे मात्र पात्रे आयत्या वेळी करीत. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ समग्र लिहून काढले आणि नाटककाराच्या शब्दास स्थैर्य आले. कालांतराने ही विद्या महाविद्यालयांत आली. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकत असता नागराज मंजुळे यांनी अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या दरिद्री मुलाची ही कथा ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरविली गेली. पुढे ‘फँड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) आले.

ज्ञातिबांधवहो, आपल्या वाड्यावस्त्यांत कथा विपुल आहेत. उणीव आहे ती मांडणीच्या शिस्तीची. ती शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींस घरानेच अडवू नये, एवढीच नम्र विनंती.