ओंबीचा महिना

हिब्रू भाषेत वसंताला ‘अवीव’ म्हणतात. तेल अवीव या शहराच्या नावामुळे तो शब्द आपल्या कानांवरून गेलेला असतो. पण त्याचा मूळ अर्थ मोहोराशी वा कोकिळेशी जडलेला नाही. अवीव म्हणजे दाणा भरलेले, पण अजून कोवळे असे जवाचे कणीस. यहुदी धर्मग्रंथात पहिल्या पिकाचा जो नैवेद्य सांगितला आहे, तो विस्तवावर भाजलेल्या अशाच कणसांचा. आमच्या जालन्याकडच्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. आगटीतला शाळूचा हुरडा आणि मागाहून येणाऱ्या गव्हाच्या ओंब्या त्याने खाल्लेल्या असतात.

या अवीव महिन्यात इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटले, आणि हा महिना तुम्ही पहिला माना अशी त्यांना आज्ञा झाली. बाबिलोनच्या वनवासानंतर त्याला ‘निसान’ हे नाव रूढ झाले. नवे वर्ष शरदात साजरे होऊ लागले. तरी महिन्यांची गणती निसानपासूनच राहिली.

पण महिने चांद्र! बारा महिन्यांचे दिवस भरतात सुमारे 354. तसेच चालू दिले तर मुक्तीचा सण सरकत सरकत ऐन थंडीत जाणार. म्हणून प्राचीन काळी यरुशलेमचे धर्माधिकारी शेतातले जव पाहत आणि ते तयार नसतील तर वर्षाला एक महिना जोडीत. पुढे गणित बसले : 19 वर्षांत 7 अधिक महिने. आपल्या अधिकमासाचीच ही रीत. त्यामुळे त्यांचा पुरीम बहुधा आपल्या होळीजवळ आणि पेसाह चैत्री पौर्णिमेजवळ येतो. कणसासाठी चंद्राला थांबवायचे, ही मला या पंचांगातली सर्वांत थोर कल्पना वाटते. पराक्या राजासाठी विटा थापणाऱ्याला स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या शेतातले कणीस, हेच त्यात सांगितले आहे. तेही एका दिवसात पुरे होत नाही. पेसाहात जवाची पहिली पेंढी वाहिल्यावर 49 दिवस मोजायचे, तेव्हा गव्हाचा आणि धर्मशास्त्र मिळाल्याचा सण येतो.

आता आपल्या कोकणात या. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल शतकानुशतके हिब्रू ग्रंथांवाचून राहिले. पुरीमला ते ‘होळीचा सण’ म्हणत आणि पेसाहला ‘अनशी ढाकण्याचा सण’. अनशी म्हणजे घरातले आंबट कालवण. पेसाहात आंबवलेले वर्ज्य, म्हणून त्याचे भांडे झाकून ठेवायचे. मिसरची कथा सांगायला पोथी नव्हती. भांड्यावरचे झाकण मात्र दर वसंतात पडत राहिले. विद्वान याला अज्ञान म्हणोत. मला तर वाटते, पुरुषांच्या हातून ग्रंथ गेले तेव्हा बायकांनी धर्म स्वयंपाकघरात जपला.

पुढे ग्रंथ परत आले. 1796 साली मुंबईत सामुएल दिवेकरांनी पहिले सभास्थान बांधले. 1874 साली पुण्यात पेसाहच्या विधीची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका आहेत. जमिनीवर बसून, लुगडी नेसून त्या कामाला लागल्या आहेत.

हायम सामुएल केहिमकरांनी या लोकांचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये.