‘अलेग्रो’ आणि लंबक

पाश्चात्त्य संगीताच्या छापील पानावर, पहिल्या ओळीच्या डोक्याशी, बहुधा एखादा इटालियन शब्द असतो : ‘अलेग्रो’, ‘आंदांते’, ‘आदाजिओ’. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्यांना हे शब्द परिचित आहेत. इतरांनी ते ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर वाचले असतील. जलद, मध्यम, संथ असा त्यांचा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. परंतु श्रोतेहो, इटालियन भाषेत ‘अलेग्रो’ म्हणजे आनंदी, ‘आंदांते’ म्हणजे चालणारा, ‘लार्गो’ म्हणजे ऐसपैस आणि ‘आदाजिओ’ म्हणजे सवडीने! आपल्या विलंबित आणि द्रुत या संज्ञांत वेगाचाच निर्देश आहे. ‘अलेग्रो’त मुळात तो नाहीच.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत इटालियन गायक-वादक युरोपच्या दरबारांतून पसरले, आणि त्यांच्यासमवेत त्यांची परिभाषाही गेली. मोंतेवेर्दीने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या एका विलापगीतात नायिकेने हाताच्या तालाने नव्हे, तर मनोभावाच्या लयीने गावे, अशी स्पष्ट सूचना दिली आहे. पुढे मात्र शब्दांतील भाव विरत गेला आणि वेग तेवढा उरला. मोझार्टच्या १७८८ मधील जी मायनर सिंफनीचा आरंभ पाहा. वर लिहिले आहे ‘मोल्तो अलेग्रो’, अर्थात ‘फार आनंदी’. आणि खालचे सूर व्याकुळ!

हा घोटाळा बीथोव्हेनला फार जाचला. १८१३ साली एडिंबरोच्या टॉमसन या प्रकाशकाला त्याने विचारले की, तुमचा ‘आंदांतीनो’ आंदांतेहून जलद की संथ? स्वतः बीथोव्हेनला हे विचारावे लागावे, यातच सर्व आले.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेलने लंबकाची युक्ती काढली. मेल्त्सेलने तिला मोजपट्टी जोडून १८१५ मध्ये ‘मेट्रोनोम’चे एकस्व आपल्या नावे घेतले. याच मेल्त्सेलवर बीथोव्हेनने पूर्वी एका रचनेच्या हक्कावरून फिर्याद केली होती. तरीही १८१७ मध्ये त्याने आपल्या आठही सिंफनींचे लयांक प्रसिद्ध केले आणि मोझेल या स्नेह्याला कळविले की, हे इटालियन वेगदर्शक शब्द आपण टाकून देणार. रचनेचा स्वभाव सांगणारे शब्द मात्र ठेवावेत, कारण वेग हा देह आणि स्वभाव हा आत्मा.

पण आकड्यानेही वाद मिटला नाही. १८१९ च्या ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या पहिल्या भागाला त्याने मिनिटाला १३८ अर्धस्वरांचा अंक दिला. तो इतका जलद आहे की बहुतेक पियानोवादक तो पाळीत नाहीत. यंत्रच बिघडलेले असावे, असे म्हणणारेही आहेत. वादकांच्या सोयीचाच हा तर्क, असे मला वाटते.

आणि टाकून देण्याचा तो संकल्प? १८२४ मध्ये नववी सिंफनी प्रथम वाजली, तिच्या आरंभी ‘अलेग्रो’ आहेच. सोबत ‘पण फार नको’ आणि ‘किंचित भव्य’ अशी पुस्ती. लयांक त्याने मागाहून, १८२६ मध्ये, प्रकाशकाकडे धाडले.