टिंब की डाग? मायक्रोफिल्मची कहाणी

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पीएच.डी.च्या कामासाठी मला घाटमाथ्यावरील एका गावाच्या पावसाच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. हाती आलेल्या नोंदवहीत नेमकी एका जुलै महिन्याची पाने नव्हती. त्या काळची मराठी वृत्तपत्रे मात्र गावोगावच्या पावसाचे आकडे छापत असत आणि एका ग्रंथालयात त्या वर्षाचे अंक मायक्रोफिल्मवर होते. अंधाऱ्या खोलीतील यंत्रावर फिल्मचे रीळ चढवायचे, हाताने मूठ फिरवायची आणि समोरच्या पडद्यावर सरकणारी पाने वाचायची. फिल्म निगेटिव्ह होती, म्हणजे काळ्या पानावर पांढरी अक्षरे.

तिसऱ्या दिवशी हवी ती तारीख सापडली. आकडा होता १, २ आणि ५. अडचण एवढीच, की १ आणि २ यांच्यामध्ये एक पांढरे टिंब होते आणि २ आणि ५ यांच्यामध्येही एक. त्या दिवशी पाऊस पडला तो १.२५ इंच की १२.५ इंच? जुलै महिन्यात घाटात दोन्ही शक्य. निगेटिव्ह फिल्मवर छपाईची शाई पांढरी दिसते. पण फिल्मवरील रासायनिक थराचा बारीकसा कण उडाला, तर तेथेही पांढरेच टिंब दिसते. दोहोंपैकी दशांशचिन्ह कोणते आणि डाग कोणता?

मूळ अंक पाहता येईल का, असे विचारले. उत्तर मिळाले, “फिल्म झाल्यावर अंक रद्दीत गेले.” माझ्या तक्त्यातील तो रकाना आजही रिकामा आहे.

मूळ कागद टाकून देण्याइतकी ही नक्कल चांगली आहे, हे कोणी ठरवले असेल? आणि कोणत्या मापाने? त्यासाठी मायक्रोफिल्मच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

हौस, आणि मग कबुतरे

छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या जॉन बेंजामिन डान्सर याने २० इंच लांबीच्या एका कागदाचे चित्र १/८ इंचात उतरवले. म्हणजे १६० पट लघुकरण! पुढे कलोडियनची पद्धत आल्यावर तो अशी सूक्ष्मचित्रे काचपट्टीवर करून विकू लागला. लोक ती हौसेने घेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थक्क होत. या युक्तीने दस्तऐवज जपून ठेवता येतील, असे जेम्स ग्लेशर आणि जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी १८५० च्या दशकाच्या आरंभीच सुचवले होते. पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

मनावर घेण्याची वेळ युद्धाने आणली. सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. बाहेरून शहरात पत्र येण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरला, तो म्हणजे कबुतरे. पण कबुतर वाहून वाहून किती वजन वाहणार? रने दाग्रों या छायाचित्रकाराने १८५९ साली मायक्रोफिल्मचे पेटंट घेतले होते. १२ नोव्हेंबर १८७० रोजी तो बलूनमधून पॅरिसबाहेर पडला. सोबतचे सामानाचे बलून शत्रूच्या हाती लागले. तरी तो तूर गावी पोहोचला आणि कामाला लागला. कलोडियनच्या पापुद्र्यावर पत्रांची सूक्ष्मचित्रे घेऊन, ती नळीत घालून कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधत. एका पापुद्र्याचे वजन सुमारे ०.०५ ग्रॅम, त्यामुळे वीस पापुद्रे मिळूनही एक ग्रॅमच भरत. पॅरिसमध्ये मॅजिक लँटर्नने ती भिंतीवर मोठी करून पाहात आणि कारकून बसून निरोप उतरवून घेत.

सुमारे तीनशे कबुतरे सोडली गेली, पण साठाच्या आसपासच पोहोचली. म्हणून एकच निरोप अनेक कबुतरांबरोबर पाठवत. २८ जानेवारी १८७१ रोजी वेढा संपेपर्यंत लाखाहून अधिक निरोप शहरात पोहोचले होते. वेढा संपला आणि सूक्ष्मचित्रे पुन्हा हौसेची वस्तू झाली.

चेक आणि वर्तमानपत्र

डान्सरच्या प्रयोगानंतर सुमारे नव्वद वर्षांनी मायक्रोफिल्म रोजच्या व्यवहारात आली, ती बँकेच्या गरजेतून. अमेरिकेत वटलेला चेक खातेदाराला परत देण्याची पद्धत होती. मग बँकेकडे पुरावा काय राहणार? न्यूयॉर्कमधील जॉर्ज मॅकार्थी या बँक अधिकाऱ्याने चेकचे फिल्मवर भराभर चित्रण करणारे यंत्र बनवून १९२५ साली त्याचे पेटंट घेतले. १९२८ साली ईस्टमन कोडॅक कंपनीने ते विकत घेतले आणि ‘रेकॉर्डॅक’ या नावाने बाजारात आणले. सिनेमामुळे लांब पट्टीची फिल्म आणि ती धुण्याची तंत्रे तोवर तयार होतीच.

दुसरी गरज वर्तमानपत्रांची. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते. त्यामुळे तो पिवळा पडतो आणि पुढे हाताळताच तुटतो. १९३५ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे अंक ३५ मि.मी. फिल्मवर निघू लागले. १९३८ साली यूजीन पॉवर यांनी ॲन आर्बर येथे ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही कंपनी काढली आणि ब्रिटिश म्युझियममधील जुन्या छापील पुस्तकांच्या फिल्म अमेरिकेतील ग्रंथालयांना मिळू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांची पत्रेही ‘व्ही-मेल’ म्हणून फिल्मवरून जात. दीड लाख पत्रांचे सुमारे ११७० किलो वजन त्यामुळे सुमारे २० किलोवर येई.

मापे ठरवणारी मंडळी

याच युद्धकाळात, १९४३ साली, अमेरिकेत ‘नॅशनल मायक्रोफिल्म असोसिएशन’ स्थापन झाली. ही शास्त्रज्ञांची परिषद नव्हती, ती धंद्यातील लोकांची संघटना होती. अशा संघटनेचा इतिहास वाचायला रुक्ष वाटतो, कारण त्यात शोध कमी आणि समित्या फार. पण थोडा विचार करा. एका कंपनीची फिल्म दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसली नाही, तर पन्नास वर्षांनी ती वाचणार कशी? फिल्मची रुंदी किती, लघुकरण किती पट, धुतल्यानंतर फिल्मवर हायपो किती उरलेला चालेल, हे सगळे कोणीतरी एकत्र बसून ठरवावेच लागते.

मायक्रोफिशचे उदाहरण घेऊ. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढा फिल्मचा सपाट तुकडा. रूढ झालेल्या मानकानुसार तिचा आकार १४८ × १०५ मि.मी., लघुकरण २४ पट, सात ओळी आणि चौदा स्तंभ. म्हणजे ९८ पाने. एवढे ठरल्यामुळे एका देशात केलेली फिश दुसऱ्या देशातील यंत्रावर वाचता येऊ लागली.

नक्कल वाचण्याजोगी आहे की नाही, याचेही माप ठरले. पानांसोबत एका चाचणी-तक्त्याचे चित्र घेतात. त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्यांचे अधिकाधिक बारीक होत जाणारे गट असतात. फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली धरून, सुट्या सुट्या दिसणाऱ्या रेघांचा सर्वांत बारीक गट शोधायचा. मूळ तक्त्यावर त्या गटात दर मिलिमीटरला जितक्या जोड्या असतील, त्या संख्येला छापील इंग्रजी ‘ई’ या लहान अक्षराच्या मिलिमीटरमधील उंचीने गुणायचे. गुणाकार ८ आला तर प्रत उत्तम, ५ आला तर मध्यम आणि ३.६ आला तर जेमतेम वाचता येण्याजोगी. गणित सोपे आहे आणि त्यामागचे तत्त्वही सरळ आहे. अक्षर ओळखायला त्याच्या उंचीत काही किमान रेघा सुट्या दिसल्या पाहिजेत.

अनुस्वाराचे काय?

आता हेच माप आपल्या लिपीला लावून पाहू. समजा ‘ई’ची उंची २ मि.मी. आहे आणि मिलिमीटरला ४ जोड्यांचा गट सुटा दिसतो. २ × ४ = ८, म्हणजे प्रत उत्तम. पण त्याच आकाराच्या मराठी छपाईत अनुस्वाराचे टिंब फार तर ०.४ मि.मी.चे असेल. ०.४ × ४ = १.६. टिंबाच्या वाट्याला दीड जोडीच्या आसपासच येते. हे सूत्र टिंबासाठी केलेले नाही हे खरे. पण अंदाज घ्यायला पुरेसे आहे. एवढ्या बारीक खुणेचा आकार फिल्मवर ओळखू येत नाही. नुसता अंधूक ठिपका उरतो, आणि तो शेजारच्या वेलांटीत किंवा मात्रेत सहज मिसळतो.

इंग्रजी ‘आय’वरील टिंब गेले तरी शब्द वाचता येतो. मराठीत मात्र ‘वंश’चा ‘वश’ होतो आणि ‘मंद’चा ‘मद’. दशांशचिन्हाची जागा चुकली, तर सव्वा इंचाचा साडेबारा इंच पाऊस होतो. माप चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या लिपीसाठी होते, इतकेच.

फिल्मही म्हातारी होते

दुसरा धडा तर भारताशी थेट जोडलेला आहे. सुरुवातीच्या सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्म पटकन पेट घेत. त्यांच्या जागी सुरक्षित म्हणून १९४८ साली सेल्युलोज ट्रायॲसिटेट फिल्म आली. ती खराब होत असल्याची पहिली तक्रार दहा वर्षांच्या आतच कोडॅक कंपनीकडे पोहोचली, आणि ती भारत सरकारकडून आली होती. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत ॲसिटेटचे अपघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटते. हे आम्लच पुढच्या अभिक्रियेचा वेग वाढवते. म्हणून बिघाड एकदा सुरू झाला की वाढतच जातो. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, म्हणून या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. पुढे पॉलिएस्टरची फिल्म आली. ती नीट धुऊन थंड आणि कोरड्या जागी ठेवली, तर पाचशे वर्षे टिकेल असे मानले जाते. थंड आणि कोरडी जागा आपल्याकडे आपोआप मिळत नाही, ती मुद्दाम करावी लागते.

मूळ कागदाचा वाद

फिल्म झाली की अंक टाकून द्यायचे, ही पद्धत जगभर चालली. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडील जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांचे गठ्ठे विकायला काढले, तेव्हा निकोल्सन बेकर या लेखकाने स्वतःची पुंजी घालून त्यांतले पुष्कळ विकत घेतले. २००१ साली त्याने ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहून ग्रंथालयांवर कडक टीका केली. रंगीत पाने काळी-पांढरी झाली, कित्येक पाने फिल्मवर वाचताच येत नाहीत, मग मूळ अंक का टाकले, असा त्याचा सवाल होता. त्याने जमवलेले अंक २००४ साली ड्यूक विद्यापीठाकडे गेले.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतील कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली आणि शेकडो वर्षांचे कागद ढिगाऱ्याखाली गेले. त्यांतील काही कागदांच्या फिल्म ओबररीड गावाजवळच्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात, पोलादी पिंपांत सुरक्षित होत्या. तेथे नक्कल नसती, तर त्या कागदांवर काय लिहिले होते हे ढिगारा उपसेपर्यंत कळले नसते. म्हणजे दोष नकलेचा नव्हे. नक्कल न तपासता मूळ प्रत टाकून देण्याचा आहे.

नाव बदलले, प्रश्न तोच

संगणक आले तशी त्या संघटनेची नावेही बदलली. १९७० च्या दशकात ‘मायक्रोफिल्म’च्या जागी ‘मायक्रोग्राफिक्स’ आले आणि १९८० च्या दशकात ती माहिती आणि प्रतिमा यांच्या व्यवस्थापनाची संघटना झाली. दीर्घकाळ टिकवायच्या संगणकीय दस्तऐवजांसाठी ‘पीडीएफ-ए’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००५ साली आले. ते घडवण्यात या संघटनेचा मोठा वाटा होता. त्यातला एक नियम असा, की दस्तऐवजात वापरलेला फाँट त्या फाइलमध्येच साठवलेला असला पाहिजे. शाळेची जुनी मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन पाहिलेल्या शिक्षकांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि फिल्म? जुलै २०२० मध्ये ‘गिटहब’ या कंपनीने जगभरच्या संगणक-प्रोग्रॅमांचा २१ टेराबाइटचा साठा आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवर एका जुन्या कोळसा खाणीत ठेवला, तोही फिल्मच्या १८६ रिळांवर! हार्ड डिस्क वाचायला यंत्र हवे आणि त्या यंत्राला प्रोग्रॅम हवा. फिल्मवर काय आहे हे पाहायला निदान सुरुवातीला उजेड आणि भिंग पुरते.

वर्गात करून पाहा

एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख-कागद आणि त्याशेजारी मराठी वर्तमानपत्राचे पान भिंतीवर लावा. मोबाइलने, झूम न करता, एक-एक पाऊल मागे जात फोटो काढा. प्रत्येक फोटो मोठा करून पाहा आणि नोंदवा: आलेखाच्या रेघा कोणत्या पावलाला एकमेकींत मिसळल्या? अनुस्वार कधी गेले? रफार कधी गेले? अक्षरे ओळखू येईनाशी कधी झाली? मिळालेल्या आकड्यांवरून मराठीसाठी ‘ई’च्या जागी कोणती खूण मोजायला हवी, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.

शाळेची जुनी हजेरीपत्रके, गावची नोंदपुस्तके, ग्रंथालयातील अंक यांचे आज सर्रास स्कॅनिंग चालू आहे. तुमच्या शाळेतही ते होईल, आणि ‘आता कागद कशाला हवेत?’ असे कोणीतरी विचारील. तेव्हा घाई करू नका. चार पाने काढा, मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवा आणि विद्यार्थ्यांना टिंबे मोजायला सांगा.