जहाजाचा कप्तान लग्न लावू शकतो का? एका दर्यावर्दी समजुतीचा इतिहास

१.
१९५१ सालच्या ‘द आफ्रिकन क्वीन’ या चित्रपटाच्या अखेरीस नायक-नायिका जर्मन नौकेवर कैद असतात आणि दोघांना फाशीची शिक्षा झालेली असते. त्यांची शेवटची इच्छा एकच असते, ती म्हणजे आपले लग्न लावून द्यावे. नौकेचा कप्तान चार शब्दांत ते लावतो आणि लगेच फाशीच्या तयारीला लागतो. हा प्रसंग पाहणाऱ्या प्रेक्षकाला कधी शंका येत नाही, कारण भर समुद्रात कप्तानाला हा अधिकार असतोच, असे जगभर मानले जाते. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

२.
आज क्रूझवर वीस-पंचवीस पाहुण्यांसह छोटेखानी विवाह करण्याची हौस वाढली आहे. बहुतेक जोडप्यांचे नियोजन फुले, केक आणि डेकवरची जागा यांत गुंतलेले असते. त्या विवाहाला कायद्याची मान्यता आहे की नाही, हा प्रश्न मात्र जहाजाच्या मागील बाजूस रंगवलेल्या एका बंदराच्या नावाशी बांधलेला असतो. ते नाव तिथे कसे आले आणि त्याला एवढे वजन कसे प्राप्त झाले, याचा हा थ्रेड.

३.
सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १७५३ मध्ये ब्रिटिश संसदेने लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा संमत केला. चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. पूर्वसूचना किंवा परवाना, चर्च, पाद्री आणि नोंद या गोष्टी त्याने अनिवार्य केल्या. पण स्कॉटलंड आणि समुद्रापलीकडील विवाह या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना ग्रीन गाठू लागली. समुद्रावरील विवाहांना मात्र जुन्या, अलिखित परंपरेचाच आधार उरला.

४.
ती परंपरा तरी काय सांगत होती? १८४४ मध्ये ‘रेजिना विरुद्ध मिलिस’ या खटल्यात हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. मते अगदी समसमान पडली. नियमानुसार त्याचा परिणाम असा झाला की, वैध विवाहासाठी दीक्षित पाद्री उपस्थित असणे आवश्यक, हे मत कायम राहिले. जमिनीवर ही अट पाळणे सोपे होते. शिडाच्या जहाजाला इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोहोचण्यास तीन-चार महिने लागत. अशा जहाजावर पाद्री असेलच, याची शाश्वती कोण देणार?

५.
त्या जहाजांवर माणसे जन्मत, मरत आणि प्रेमातही पडत. नव्या भूमीवर उतरण्यापूर्वी पती-पत्नी व्हावे, ही त्यांची निकड खरी होती. विवाह अवैध ठरला तर मूल अनौरस ठरे, विधवेचा वारसाहक्क बुडे, आणि परक्या वसाहतीत एकट्या स्त्रीला ‘पत्नी’ म्हणून मिळणारे संरक्षणही जाई. अशा वेळी सारे प्रवासी जहाजावरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे, म्हणजे कप्तानाकडे पाहत. बंडखोराला बेड्या घालणारा आणि मृतदेहाला जलसमाधी देणारा हा माणूस लग्नही लावू शकेल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते.

६.
या समजुतीला कागदाचाही एक आधार मिळाला. ब्रिटनच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार जहाजावर होणारा प्रत्येक विवाह, वधूवरांच्या नावांसह आणि वयांसह, अधिकृत लॉगबुकात नोंदवणे कप्तानाला बंधनकारक होते. गोंधळाचे मूळ येथेच आहे. घटना नोंदवण्याचे कर्तव्य वेगळे आणि ती घटना वैध करण्याचा अधिकार वेगळा. गावचा तलाठी जमिनीच्या व्यवहाराची नोंद घेतो, पण म्हणून तो त्या जमिनीचा मालक ठरत नाही. लॉगबुकातील नोंद हा लग्न लागल्याचा पुरावा होता. ते कायद्याने टिकते की नाही, हे न्यायालयच ठरवू शकत होते.

७.
युद्धनौकांची गोष्ट निराळी होती. १८९२ च्या फॉरेन मॅरेज कायद्याने परदेशी तळावरील ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर विवाह लावण्याची तरतूद केली आणि तेथील प्रमुख अधिकाऱ्याला विवाह अधिकारी मानले. म्हणजे अधिकार होता, पण तो कायद्याने शब्दांत दिलेला होता. याउलट अमेरिकी नौदलाचे नियम आजही जहाजाच्या प्रमुखाला जहाजावर विवाह लावण्यास स्पष्ट मनाई करतात. एकाच समुद्रावर दोन झेंडे आणि दोन उलट नियम! नुसत्या गणवेशातून हा अधिकार येत नाही, हे यावरून उघड होते.

८.
अमेरिकेतील दोन खटले शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिला कॅलिफोर्नियाचा, १८९८ सालचा. एक तरुण पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन किनाऱ्यापासून काही मैल खोल समुद्रात गेला आणि जहाजाच्या कप्तानाने त्यांचे लग्न लावले. राज्याचा कायदा चुकवण्यासाठीच हा प्रवास होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो विवाह अवैध ठरवला. आपल्या रहिवाशांनी घटकाभर समुद्रात जाऊन परत यावे आणि कायदा मागे राहावा, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

९.
दुसरा खटला न्यूयॉर्कचा, १९२९ सालचा. न्यूयॉर्कहून साउथॅम्प्टनला निघालेल्या अमेरिकन जहाजावर भर समुद्रात कप्तानाने लावलेला विवाह न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने वैध मानला. वरवर पाहता हा कप्तानाचा विजय वाटतो, पण निकालाचे कारण वेगळे होते. त्या ठिकाणी विवाहाला मनाई करणारा कायदा नव्हता आणि दोघांची परस्पर संमती होती, म्हणून विवाह टिकला. कप्तान तिथे नसता तरी त्या तर्काला बाध आला नसता.

१०.
याच दशकात सागरी इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. अमेरिकेत दारूबंदी लागू होती आणि अमेरिकन झेंड्याच्या प्रवासी जहाजांवरही मद्य देता येत नव्हते. १९२२ मध्ये ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन अमेरिकन प्रवासी जहाजांची नोंदणी पनामा येथे हलवण्यात आली. झेंडा बदलला आणि मद्याचे पेले पुन्हा भरले जाऊ लागले. जहाज ज्या देशात नोंदवलेले, त्याचा कायदा त्या जहाजावर चालतो, हे तत्त्व जुनेच होते. कायदा सोयीचा नसेल तर नोंदणीच बदलावी, ही युक्ती आता रूढ झाली. अशा नोंदणीला ‘सोयीचा झेंडा’ म्हटले जाते.

११.
मद्यानंतर विवाहाची पाळी आली. अटलांटिकमधील बर्म्यूडा या ब्रिटिश प्रदेशाने १९९९ मध्ये ‘मेरिटाइम मॅरेज’ कायदा केला. त्यामुळे बर्म्यूडात नोंदवलेल्या जहाजांच्या कप्तानांना समुद्रावर विवाह लावण्याचा स्पष्ट, लेखी अधिकार मिळू शकला. जोडप्याने आधी बर्म्यूडाच्या निबंधकाकडे अर्ज करायचा, परवाना मिळवायचा आणि मग कप्तानासमोर उभे राहायचे. शतकानुशतके लोक जो अधिकार कप्तानाकडे आपोआप असतो असे मानत होते, तो त्याला अखेर निबंधकाच्या कचेरीतून मिळाला.

१२.
त्याचा परिणाम एका जुन्या कंपनीवर झाला. १८४० पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या क्युनार्डच्या जहाजांवर ब्रिटिश नोंदणीमुळे कप्तानाला वैध विवाह लावता येत नव्हते. २०११ मध्ये कंपनीने ‘क्वीन मेरी २’सह आपल्या तिन्ही जहाजांची नोंदणी साउथॅम्प्टनहून बर्म्यूडाची राजधानी हॅमिल्टन येथे हलवली आणि पुढच्या वर्षी ‘क्वीन मेरी २’वर कप्तानाने विवाह लावला. समुद्री विवाहांची वाढती मागणी हे कंपनीने दिलेले कारण होते. टीकाकारांनी मात्र ब्रिटनमधील बदलत्या रोजगार कायद्यांकडे बोट दाखवले.

१३.
त्या टीकेचा रोख समजून घेतला पाहिजे. जहाजाचा झेंडा केवळ वधूवरांपुरता नसतो. खलाशी, स्वयंपाकी, केबिन आवरणारा कामगार यांच्या कामाच्या अटी, वेतन आणि तक्रारीचा मार्ग यांवरही त्याच झेंड्याच्या कायद्याचा प्रभाव पडतो. गोवा, रत्नागिरी आणि मुंबई येथील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश बोटींवर नोकऱ्या केल्या आहेत. डेकवर एखाद्याच्या लग्नाचा केक घेऊन येणारा हात अशा घरातलाही असू शकतो. जहाजावर रंगवलेले बंदराचे नाव बदलते, तेव्हा त्याच्याही आयुष्यातील काही गोष्टी बदलू शकतात.

१४.
कोणाला विवाह करता येईल, हेही झेंडाच ठरवतो. २०१७ मध्ये माल्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये माल्टात नोंदवलेल्या ‘सेलिब्रिटी इक्विनॉक्स’वर कप्तानाने समलिंगी जोडप्याचा वैध विवाह लावला. बर्म्यूडात उलटे घडले. २०१७ मध्ये तेथील न्यायालयाने असा विवाह मान्य केला, २०१८ मध्ये कायदेमंडळाने त्याऐवजी ‘घरगुती भागीदारी’ आणली, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कायदेमंडळाच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे एकाच समुद्रातून जाणाऱ्या दोन जहाजांपैकी एकावर जो विवाह होऊ शकतो, तो दुसऱ्यावर होऊ शकत नाही.

१५.
मग भारतीय जोडप्यांचे काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ पाहिले, तर विवाहाची वैधता रूढ विधींतून येते. सप्तपदी हा त्या विधींचा भाग असेल, तर सातव्या पावलावर विवाह पूर्ण होतो. तिथे कप्तानाला काही भूमिका नाही. भारतीय अधिवास असलेल्या हिंदूंना हा कायदा देशाबाहेरही लागू होतो. १९६९ च्या फॉरेन मॅरेज कायद्याने परदेशात विवाह अधिकारी नेमण्याची सोय केली, पण ते काम राजनैतिक आणि वाणिज्यदूत अधिकाऱ्यांकडे सोपवले. डेकवर अंतरपाट धरला आणि भटजींनी मंगलाष्टके म्हटली, तरी कप्तान तिथे पाहुणाच असतो. त्याच्या सहीचा कागद सुंदर दिसेल, पण नोंदणीच्या वेळी त्यावर विसंबता येणार नाही.

१६.
या इतिहासातून क्रूझवरील विवाहाचे तीन प्रकार समजतात. पहिला, जहाज बंदरात असताना त्या बंदराच्या कायद्यानुसार स्थानिक अधिकाऱ्याने लावलेला विवाह. दुसरा, खुल्या समुद्रात झेंड्याच्या देशाचा परवाना घेऊन कप्तानाने लावलेला विवाह. तिसरा, केवळ समारंभ, म्हणजे कायदेशीर विवाह घरी उरकून जहाजावर त्याचा आनंदसोहळा. तिन्हींची छायाचित्रे सारखीच दिसतात. फरक जाणवतो तो काही वर्षांनी, जेव्हा व्हिसा, वारसा, विमा किंवा घटस्फोट यांसाठी कोणी तरी विवाहाचा दाखला मागतो.

१७.
म्हणून अशा विवाहाच्या नियोजनात पहिला प्रश्न मुहूर्ताचा किंवा मेनूचा नसावा. जहाज कोणत्या देशात नोंदवलेले आहे, त्या देशाचा परवाना किती आधी मागावा लागतो, विवाहाच्या क्षणी जहाज बंदरात असेल की खुल्या समुद्रात, आणि मिळणारा दाखला मायदेशात चालेल का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. एकोणिसाव्या शतकातील बोटीवरच्या त्या तरुणीला हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तिने कप्तानावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास सार्थ होता की नाही, हे तिला किंवा तिच्या मुलांना पुढे न्यायालयातच कळू शकत होते.