ओहमच्या भागाकाराचं माहेर

व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो, दोघांचा गुणाकार केला की शक्ती. २३० व्होल्टवर एखादी इस्त्री ५ अँपिअर घेत असेल, तर रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. हा भागाकार आणि हा गुणाकार आपण विजेच्या धड्यात शिकतो. पण दोघांचंही माहेर उष्णतेच्या धड्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

१८०० साली व्होल्टाची बॅटरी आली. १८२० साली ऑर्स्टेडला प्रवाहाच्या तारेजवळ चुंबकसूची हललेली दिसली आणि प्रवाह मोजायची वाट सापडली. तार लांबवली की प्रवाह नेमका किती घटतो, हे जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवणारा गेओर्ग ओहम मोजू लागला. १८२५ साली त्याने छापलेलं सूत्र लॉगॅरिदमचं होतं आणि ते चुकीचं होतं. इंग्लंडमध्ये पीटर बार्लो प्रवाह लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो असं सांगत होता, तेही चूक. ओहमचा घात त्याच्या बॅटरीने केला होता. जोडणी केली की तिचा जोर चढायचा, मग उतरायचा, आणि मोजमाप हातात येईपर्यंत मोजायची गोष्टच बदललेली असायची.

इथे त्या काळच्या भौतिकीच्या नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ मदतीला आला. बॅटरी सोड, थर्मोकपल घे, असं त्याने सुचवलं. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की सूची हलते, हे झेबेकला १८२१ मध्येच दिसलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेत ठेवला, दुसरा बर्फात. उकळतं पाणी आणि वितळतं बर्फ आपापलं तापमान सोडत नाहीत, म्हणून विजेचा जोरही हलत नाही.

१८२६ च्या जानेवारीत त्याने सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, सर्वांत आखूड २ इंच, सर्वांत लांब १३० इंच. पहिल्या तारेला मापन आलं ३२६¾, शेवटच्या तारेला ४८½. लांबी ६५ पट झाली, पण प्रवाह सातव्या हिश्श्यापर्यंतही उतरला नाही! ओहमने सूत्र मांडलं: प्रवाह म्हणजे एका स्थिरांकाला दुसरा स्थिरांक अधिक तारेची लांबी यांनी भागायचं. हा छेदातला स्थिरांक २०¼ इंच निघाला. तो होता तारेबाहेरच्या उरलेल्या मंडलाचा रोध, जणू प्रत्येक तारेला आधीच जोडलेली २०¼ इंचांची आणखी एक तार.

मग त्याने उकळतं पाणी काढून सांध्यांच्या तापमानातला फरक बराच कमी केला. वरचा स्थिरांक कोसळला, छेदातला जागचा हलला नाही. माझ्या मते खरा जन्म या क्षणी झाला. व्होल्टेज आणि रोध या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे तोवर कुणी इतक्या स्वच्छपणे वेगळं काढून दाखवलेलं नव्हतं.

याला प्रतिपक्ष आहेत. काही जण म्हणतात, नियम फूरिएकडून आला. फूरिएच्या १८२२ च्या ग्रंथात उष्णता तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात वाहते, आणि ओहमच्या १८२७ च्या पुस्तकातली मांडणी उघडपणे त्याच धर्तीवर आहे. पण तारखा पाहा: आकडे जानेवारी १८२६ चे, पुस्तक पुढच्या वर्षीचं. फूरिएने कारण पुरवलं, नियम मोजमापातून आला. आणि फूरिएचा विजय झाला असं मानलं, तरी तो विजयही उष्णतेचाच! दुसरा दावेदार हेन्री कॅव्हेंडिश. त्याने १७८१ च्या सुमारास स्वतःच्या अंगाला बसणारे झटके ताडून जवळपास हाच नियम गाठला होता. पण ती टिपणं मॅक्सवेलने १८७९ साली छापली, तोवर ओहमचा नियम सर्वमान्य झालेला होता. कॅव्हेंडिश थोर खरा, पण त्याचा वंश पुढे चालला नाही.

गुणाकाराचं कूळ तर सरळच आहे. इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून थर्मामीटर पाहिला. उष्णता रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत होती. त्यात ओहमचा नियम घातला, की प्रवाहाच्या वर्गाचा एक हिस्सा रोधाशी मिळून व्होल्टेज होतो, आणि उरतो व्होल्टेज गुणिले प्रवाह. १८८२ साली विल्यम सीमेन्सने त्या राशीच्या एककाला वॅट हे नाव सुचवलं.

ही कुळी आजही व्यवहारात जाणवते. २३० व्होल्टच्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध गणिताने सुमारे ८८० ओहम येतो. तोच बल्ब थंड असताना मीटरने मोजा, आकडा दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसेल. गणितही बरोबर, मीटरही बरोबर, फक्त टंगस्टनचं तापमान वेगळं. म्हणून रोध काढताना व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी, चालू उपकरणावर मोजलेले हवेत, आणि उत्तरासोबत तापमानही सांगायला हवं.