खराट्याचा इतिहास



ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, हें लिहिण्याचा प्रघात आहे. तें काम या पानांत इतरांनीं केलेंच आहे. आम्ही येथें एका हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूचा इतिहास सांगणार आहों. ती वस्तु म्हणजे खराटा. लोहाऱ्यासारख्या गांवांत स्वच्छता, पाणी, आजाऱ्यांची विचारपूस हीं कामें गांवानें आपण होऊन करावीं, असें सर्वच म्हणतात. परंतु अशीं कामें कोठें टिकलीं व कोठें विरलीं याचे दाखले आपल्याच मुलखांत पडलेले असून त्यांकडे कोणी फारसें पाहात नाहीं.

देबूजी झिंगराजी जानोरकर हें नांव थोड्यांसच ठाऊक असेल. गाडगेबाबा म्हटलें कीं ओळख पटते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. बाप लवकर वारला, म्हणून ते मामाकडे दापुऱ्यास वाढले. गुरें राखलीं, शेत कसलें, शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, डोक्यावर मातीचें गाडगें. त्याच गाडग्यांत भाकरी खावी आणि पुढें चालावें, असा क्रम. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें पौषांतील रविवारीं यात्रा भरते. नदीवर उतरण्याची वाट निसरडी. म्हातारे लोक घसरत. बाबांनीं कोणास अर्ज केला नाहीं, वर्गणी मागितली नाहीं. ते स्वतःच वाटेवर माती टाकूं लागले. पाहणाऱ्यांनीं हळूहळू हात लाविले, आणि पुढें तेथें घाट झाला.

त्यांची रीत मोठी मार्मिक होती. ज्या गांवीं कीर्तन करावयाचें, तेथें ते आधीं येऊन मुकाट्यानें रस्ते झाडूं लागत. आपल्या दारापुढचा केर पाहुण्यानें काढलेला पाहून घरधनी ओशाळे व स्वतः खराटा घेई. रात्रीं कीर्तनांत बाबा उपदेश थोडा करीत व प्रश्न फार विचारीत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे. १८८४ सालीं कलकत्त्यास रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानें पटकीचे जंतु तळ्याच्या पाण्यांत शोधून दाखविले. ज्या यात्रांतून पटकीची सांथ गांवोगांव जात असे, तेथेंच हा निरक्षर पुरुष खराटा घेऊन उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस डॉक्टरांच्या शोधाच्या शेजारीं मांडावीशी वाटते.

आतां दुसरा दाखला पाहा. १९३५ सालीं गांधीजी वर्ध्यास मगनवाडींत राहात. जवळच सिंदी नांवाची वस्ती. एका इंग्रज आरमारी सरदाराची कन्या मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, आणि गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई बादल्या घेऊन तेथील वाटांवरचा मैला उचलीत. हें कांहीं एक दिवसाचें प्रदर्शन नव्हतें. महिनेच्या महिने तें चाललें. तरी रस्त्यावर बसण्याची लोकांची संवय सुटेना. निष्ठेंत उणें नव्हतें, हें कोणीही मान्य करील. पण घाण उचलणें हें ठराविक जातींचें काम, असें शतकानुशतकें मानणाऱ्या समाजास कोणी थोर माणूस तें करितो आहे याचें नवल वाटतें. लाज वाटतेच असें नाहीं. शिवाय पाहुणा तो पाहुणाच. गाडगेबाबा परिटाचे पुत्र, बोलणें अस्सल वऱ्हाडी. त्यांच्यापुढें गांवाला परकेपणाची सबब सांपडत नव्हती.

सिंदीला नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तरुणपणीं एका गांवीं आम्हीं आठ-दहा मुलें नेऊन विहिरीभोंवतालचा चिखल उपसला, दगड बसविले. गांवकऱ्यांनीं पारावर बसून कौतुक केलें व निघतांना चहा पाजला. पुढल्या पावसाळ्यानंतर पाहतों तों दगड निखळलेले आणि चिखल पूर्ववत्. आम्हीं त्यांस एकदांही विचारलें नव्हतें कीं विहीर कोणाची, आणि पाणी कोणीकडे वाहून जावयास हवें.

तुकडोजी महाराजांनीं हें जाणलें होतें असें दिसतें. १९०९ सालीं यावलीस जन्मलेल्या या भजनकारानें १९३५ त मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि गांवोगांवच्या सेवामंडळांस नेम घालून दिला : पहांटे सफाई, सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना. १९५५ च्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धि व ग्रामआरोग्य यांस स्वतंत्र स्थान आहे. लहर व नेम यांतला भेद आपण उपासनेच्या बाबतींत ओळखतों. नालीच्या बाबतींत विसरतों. त्याच वर्षीं अमरावतीचें आपलें धर्मप्रांत स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं, २० डिसेंबर १९५६ रोजीं, गाडगेबाबा निवर्तले.

२०००-०१ सालीं राज्य सरकारनें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान काढलें. श्रमदानानें गांवें झाडावीं आणि सरस ठरेल त्यास बक्षीस मिळावें, अशी योजना. पुष्कळ गांवें खरोखरच उजळलीं. मात्र बक्षीस हें दुधारी असतें. परीक्षक येऊन गेल्यावर खराटा कोपऱ्यांत गेला, असेंही घडलें.

आपल्यापुढें २०१८ चा उन्हाळा आहे. यवतमाळास पाणी पुरविणाऱ्या निळोणा व चापडोह या जलाशयांनीं तळ गांठला, आणि लोक घागरी घेऊन टँकरची वाट पाहात बसले. त्या दिवसांत जुन्या विहिरींची आठवण झाली. पाहतों तों कित्येकींत कचरा भरलेला. तो कचरा परक्यानें आणून टाकलेला नव्हता.

यंदा उत्सवापूर्वीं मंदिराचें आवार व रस्त्यापर्यंतची नाली मजूर लावून साफ करून घ्यावी, अशी सूचना समितींत आली. पैसेही होते. आम्हीं ती तूर्त थांबविली आहे. नालीलगतच्या घरांस, तीं आपल्या धर्मग्रामांतलीं असोत वा नसोत, प्रथम विचारलें आहे. तीन घरांनीं वेळ सांगितली, एकानें पाणी तुंबण्याचें खरें ठिकाण दाखविलें. येत्या शनिवारीं सकाळीं सहा वाजतां जमावयाचें आहे. खराटे ज्याचे त्यानें घरून आणावे.